मागून येणारं पाऊल

अदालत रोडवर, सिग्नलचे आकडे अजून सतरावर असताना, मेघाचा डावा पाय तिच्याबरोबर आला नाही. उजवा पाय पांढऱ्या पट्ट्यावर पडला होता, शरीर पुढे झुकलं होतं, पोटातल्या सात महिन्यांच्या ओझ्यानं स्वतःचा तोल स्वतःच ठरवला होता, आणि डावा पाय मात्र मागे, डांबरावर, कुणी तरी त्याच्यावर उभं असावं तसा राहिला. तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा. मागे कुणी नव्हतं. मग कळ आली. कुल्ह्याच्या आत खोल कुठून तरी निघून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरून, घोट्याला वळसा घालून थेट करंगळीपर्यंत गेलेली एक रेघ. इतकी नेमकी की पेन्सिलनं काढून दाखवता आली असती. नऊ, आठ, सात. गाड्यांनी आवाज वाढवायला सुरुवात केली. एक रिक्षावाला रिक्षा आडवी घालून खाली उतरला, "बाजी, घबराव मत, मैं रोकतूं गाड्यां," म्हणाला, आणि तिनं त्याच्या रिक्षाच्या आडोशानं, पाय ओढत, उरलेला अर्धा रस्ता पार केला. त्याच रिक्षात बसून ती हर्सूलला घरी आली. वाटेभर तिला पायापेक्षा तो क्षणच आठवत होता. तिनं मागे वळून पाहिलं होतं तो. आपण नक्की कुणाला बघायला वळलो होतो, हे तिला सांगता येत नव्हतं.

ती न्यायालयात लघुलेखक होती. आठ वर्षं रोज सकाळी अकरापासून ती दुसऱ्यांचं बोलणं टाइप करत आली होती, आणि तेही त्यांच्याच शब्दांत. मी आरोपीस ओळखतो. मी त्या वेळी शेतात होते. हे म्हणणे खरे नाही की मी घटनास्थळी हजर नव्हतो. दिवसाला कितीतरी माणसांचा 'मी' तिच्या बोटांतून जायचा. लग्न झालं तेव्हा सम्यकनं विचारलं होतं, "डोक्यात राहत नाही का हे सगळं?" तिनं हसून सांगितलं होतं, की बोटांत येतं आणि बोटांतूनच जातं, डोक्यापर्यंत पोचत नाही. ते तेव्हा खरं होतं.

घराचं लोखंडी फाटक उघडून ती आत आली. फाटकापासून ओट्यापर्यंत शहाबादी फरशीच्या नऊ पावलांची वाट. उजवा पाय, मग डावा फरफटत. उजवा, मग डावा. पुढच्या खोलीत खिडकीपाशी खाटेवर तिचे सासरे बसले होते. त्यांचं नाव कडुबा, पण घरात सगळे आबा म्हणत. तीस वर्षं त्यांनी हर्सूलच्या कारागृहात शिपायाची नोकरी केली होती. निवृत्तीनंतर काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, पण कान गेले नाहीत. बराकीच्या अंधारात कुठला कैदी उठला, कुठला साहेब येतोय, कुणाच्या बुटाचा तळ झिजलाय, हे त्यांना पावलांवरून कळायचं म्हणे. मेघा रोज घरी आली की फाटकाच्या आवाजालाच ते म्हणायचे, "आलीस का मेघा बाळ? पाणी माठातलं घे, गार हाय." आज ते काहीच बोलले नाहीत. मान ताठ, चेहरा वाटेकडे, हात खाटेच्या कडेवर घट्ट. ती ओट्याला टेकली तेव्हा ते हळूच म्हणाले, "भामा?"

भामा म्हणजे सत्यभामा. सम्यकची आई. ती जाऊन चार वर्षं झाली होती, आणि मेघाचं लग्न होऊन दोन. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या शेजारी तिचा फोटो होता. खुर्चीवर बसलेली, पांढऱ्या साडीतली, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. मेघानं सासूला पाहिलं ते एवढंच. बसलेलं. "आबा, मी मेघा," ती म्हणाली. आबांचा चेहरा सैल झाला. "व्हय का," ते म्हणाले. "व्हय. तूच ती." पण त्यांनी पाणी घे म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बाळ उत्तम आहे, दुखणं सायटिकाचं आहे, रजा टाका, वैजापूरला माहेरी जायचा बेत रद्द करा, एवढा रस्ता गाडीत बसून जाणं नको. फोनवर आई रडली. मेघाला रडू आलं नाही, उलट दुखण्याला नाव मिळालं याचं बरं वाटलं. डॉक्टरांनी व्यायामासाठी मोनिका नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती बारीक अंगाची, भराभर बोलणारी मुलगी होती. तिनं प्लास्टिकचा मणका हातात घेऊन दाखवलं. "ही नस इथून निघते ताई, कुल्ह्यातून खाली टाचेपर्यंत जाते. अंगठ्याएवढी जाड असते. पोटाचा भार पुढे आलाय, कंबर आत वाकलीय, त्यात ती दाबली जातीय. घाबरायचं नाही. बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप जातं." मग तिनं उशा कशा घ्यायच्या ते सांगितलं, कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांच्या मधे एक, पोटाखाली एक. हातापायांवर येऊन पाठ मांजरीसारखी वर उचलायची. अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसायचं नाही. गरम पाण्याची पिशवी कुल्ह्याला, पोटाला नाही. "आणि दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम-बियाम काही नाही, थेट दवाखाना." शेवटी, दार उघडता उघडता, ती म्हणाली, "स्वयंपाक करताना एक पाय कशावर तरी ठेवा. पाट, ठोकळा, काहीही. आळीपाळीनं. खूप फरक पडतो."

घरी येऊन मेघा स्वयंपाकाच्या ओट्याखाली पाट शोधत होती. वाकता येत नव्हतं म्हणून पायानंच चाचपडत. सिलिंडरच्या मागे तिच्या पायाला काहीतरी लागलं. पायानं ओढून बाहेर काढलं तर बाभळीच्या लाकडाचा ठोकळा, वीतभर उंच, तेला-पाण्यानं काळा पडलेला, आणि वरच्या अंगाला दोन खोलगट खळगे. तिनं डावा पाय त्यावर ठेवला. टाच एका खळग्यात बसली, चवडा दुसऱ्यात. कुल्ह्यातली रेघ तत्काळ सैल झाली, इतकी की तिच्या तोंडून 'हां' असा आवाज निघाला. आणि लगेच अंगावर काटा आला. ठोकळ्यावर पायाचा ठसा पडायला किती वर्षं लागतात? कुठल्याही मोनिकानं, कुठल्याही प्लास्टिकच्या मणक्यानं न सांगता एक बाई या ओट्यापाशी उभी राहून हे स्वतःच शोधून काढते, आणि मग त्यावर रोज दोन वेळा, तीस वर्षं, डावाच पाय ठेवते. मेघानं पाय काढला. परत ठेवला. दुखत होतं, आणि ठोकळ्यावर दुखत नव्हतं. भाजी होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

त्यानंतर तिला घरात जागा दिसू लागल्या. तिनं शोधल्या नाहीत, त्या तिच्या अंगाला येऊन लागत होत्या. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीकडे येणारा लांब अरुंद बोळ होता, आणि त्याच्या भिंतीवर कमरेच्या जरा वर एक तेलकट काळपट पट्टा होता. दोन वर्षं ती तो घासून काढायचा विचार करत होती. आता चालताना तिचा डावा हात आपोआप भिंतीला जायचा आणि तळवा बरोबर त्या पट्ट्यावर पडायचा, ना वर ना खाली. न्हाणीघराच्या चौकटीचा एक कोपरा गुळगुळीत होता, तिथं खांदा टेकायचा. मागच्या दारातल्या दोन पायऱ्यांमधली एक मुद्दाम सिमेंट लावून बुटकी केलेली होती. घर आधीपासून दुखऱ्या माणसासाठी झिजून तयार होतं. दुखत नसताना ते तिला कळलं नव्हतं. तिला कधी कधी वाटायचं की कळ अंगात आलेली नाही, कळ इथंच होती, या भिंतींच्या उंचीवर, आणि आपणच चालत चालत तिच्यात आलो. मग ती स्वतःला मोनिकाचं वाक्य म्हणून दाखवायची. अंगठ्याएवढी जाड. टाचेपर्यंत जाते.

शेजारच्या सरूबाई एकदा मेथी निवडायला आल्या. मेघा त्यांना पाणी द्यायला आतून बाहेर आली, तर त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "काय गं माय," त्या म्हणाल्या, "सत्यभामाबाईचीच चाल हाय ही. तस्साच डावा पाय. तस्संच मधी थांबून दम घेणं." मेघा म्हणाली, "मावशी, मी तर त्यांना कधी चालताना पाहिलं पण नाही."  "तेच तर म्हणायलेय मी," सरूबाई म्हणाल्या, आणि जुडी अर्धी टाकून, घरी गॅस चालू आहे म्हणून उठल्या.

सम्यक वाळूजला कंपनीत होता, आणि त्या दोन महिन्यांत त्याला दुपारपाळी लागली होती. दोनला तो निघायचा. त्याआधी तो घरात असताना टीव्ही मोठ्यानं लावायचा. मेघाला वाटायचं बातम्यांसाठी. एकदा तिनं आवाज कमी केला आणि बोळातून चालत गेली, तर तो हातातलं ताट ठेवून म्हणाला, "असं चालू नकोस ना."

"असं म्हणजे कसं?"

"तुला माहितेय."

"मला काय माहीत असणार सम्यक? मला दुखतंय."

तो ओशाळला. जवळ येऊन त्यानं तिच्या कुल्ह्यावर, नेमक्या त्या ठिकाणी, अंगठ्यानं दाब दिला, मोनिकानं शिकवला होता तसा. बराच वेळ दाबत राहिला. मग मागूनच, तोंड न दाखवता म्हणाला, "डोळे मिटले की आई चालते घरात. मला ऐकवत नाही." आबा तिला भामा म्हणतात हे सांगितल्यावर मात्र तो चिडला. "वय झालंय त्यांचं. आता कान पण गेले. आपल्यात असलं काही मानत नाहीत, आबांनीच तर सगळं घराबाहेर काढलं होतं, देव, अंगारे, लिंबू-मिरची, सगळं. आणि आता हेच असं बोलणार?"

पण आबांचे कान गेलेले नव्हते. सकाळी, व्यायाम झाल्यावर, पाय जरा मोकळा असायचा, तेव्हा ते तिला मेघा बाळ म्हणायचे, पोटातल्या बाळाची चौकशी करायचे, पेपर वाचून दाखव म्हणायचे. दुपारी तीननंतर कळ चढायची, पाऊल फरफटू लागायचं, आणि मग घरात दुसरीच बाई असायची. तिच्याशी ते वेगळ्या आवाजात बोलायचे, तरुण, जरा तोडलेल्या. "भामा, जेवलीस का?" "भामा, पोरगं शाळेतून आलं नाय अजून." मेघा सुरुवातीला दर वेळी सांगायची, आबा मी मेघा. मग कंटाळली. मग ती गप्प राहू लागली, आणि गप्प राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की ते उत्तराची वाटच पाहत नाहीत. ते फक्त पावलं ऐकतात. पावलं चालू असली की ते शांत असत. ती मधेच थांबली, पायातून वीज गेल्यासारखं होऊन भिंतीला टेकली, की पुढच्या खोलीतून खाट करकरायची. ते अर्धवट उठलेले असायचे. ती पुन्हा चालू लागली की खाट पुन्हा करकरायची. एकदा सकाळी, पाय बरा असताना, तिनं सरळ विचारलं, "आबा, तुम्हाला खरंच वाटतं का, की त्या येतात?" आबा हसले. "मी भुतं मानत नाय बाळ. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस मी. पण पाऊल मानतो. पाऊल खोटं बोलत नाय. तीस वर्षं माझा कान एकदा पण चुकला नाय." मग हसू मावळलं. "दुपारी तू कुठं जातीस गं?"

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. आठवा महिना सरत आला होता. सम्यक कामावर गेला, वीज गेली, पंखा थांबला, आणि हर्सूलवर ते दुपारचं पांढरं ऊन उतरलं, ज्यात कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. मेघा स्वयंपाकघरातून गरम पाण्याची पिशवी घेऊन निघाली होती. बोळाच्या बरोबर मध्यावर डावा पाय गेला. कळ आली असती तर तिनं ओठ चावून पुढचं पाऊल टाकलं असतं. या वेळी कळ आली नाही. पायच नाहीसा झाला. गुडघ्याखाली काही नव्हतं. तिनं पिशवी सोडून दिली, दोन्ही तळवे त्या काळ्या पट्ट्यावर दाबले आणि उभी राहिली. मांड्यांच्या मधे बधिर आहे का? नाही. बाळ हलतंय का? हललं. मग थांबायचं. मोनिका म्हणाली होती, थांबायचं, श्वास घ्यायचा, भार उजव्यावर. ती श्वास मोजू लागली.

पुढच्या खोलीत खाट करकरली.

"थांबली का?" आबा म्हणाले. तिला उत्तर द्यायचं होतं, पण श्वास मोजण्यात आवाज अडकला होता. "थांबू नको," आबा म्हणाले. "भामा, थांबू नको. ऐकायलोय मी." खाट पुन्हा करकरली, ते पूर्ण उठले होते. "त्या दिवशी पण ऐकलं व्हतं. मी कुणाला सांगितलं नाय. तू थांबली ते मला ऐकू आलं व्हतं."

मग ते बोलत राहिले. दारात उभे राहून, तिच्या दिशेनं, पण तिच्याशी नाही. सम्यकच्या आधीची गोष्ट. कारागृहातली नोकरी नवीन लागलेली, चार दिवसांची सुट्टी घेऊन ते कन्नड तालुक्यात पिशोरला, गावी गेले होते. सत्यभामाला सातवा महिना होता. गावात पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि ती आठ दिवस कामावर गेली नव्हती. पाय उचलत नाय म्हणायची. कुल्ह्यातून वीज जाती म्हणायची. त्यांची आई म्हणाली, सोंग करती. बाप म्हणाला, नवरा सरकारी नोकरीत लागला तर बायकोला मिजास चढली. चारचौघांत ते ऐकून घ्यावं लागलं. "माझ्या पायात नवीन बूट व्हते," आबा म्हणाले. "मी म्हणलं, चल. मी नेतो तुला कामावर. मी पुढं, तू मागं. पांदीच्या वाटेनं निघालो. मागं वळलो नाय, पण ऐकायलो व्हतो. एक पाऊल पडायचं, एक घासत यायचं. एक पडायचं, एक घासत यायचं. बाभळी लागल्या, आन् थांबलं."

मेघाच्या हाताखाली भिंत गरम होती. पोटात बाळ निवांत झालं होतं, तेही ऐकत असल्यासारखं.

"मी म्हणलं, यील. सोंगच तर हाय, किती वेळ करील. मी गेलो पुढं. कामावर जाऊन मुकादमाबरोबर च्या पिला. दुपारी बाया शोधायला गेल्या, तर तू बाभळीखाली." त्यांनी दाराची चौकट धरली. "पोरगी व्हती. संध्याकाळपर्यंत श्वास घेतला तिनं. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर हजर झालो. तू कधी बोलली नाय. तीस वर्षं माझ्या घरात पाय ओढत चालली, पण एक शब्द नाय." ते दारातून आत सरकले होते. "भामा, मला एकच सांग. त्या दिवशी वारं माझ्या तोंडावर व्हतं. अशा वाऱ्यात मागची हाक पुढं येत नाय. तू हाक मारली व्हती का मला? मारली असशील तर मला ऐकू आली नाय, एवढंच मी धरून बसलोय इतकी वर्षं. मारली व्हती का?"

मेघाला दोन्ही उत्तरं दिसत होती, समोर टाइप केल्यासारखी. मारली होती म्हणावं, तर वाऱ्यावर दोष जाईल आणि हा म्हातारा सुटेल. नव्हती म्हणावं, किंवा सरळ मी मेघा आहे म्हणावं, तर तो असाच दारात उभा राहील, आज, उद्या, रोज तीननंतर. तिनं सोडवायचं ठरवलं. मारली होती, आबा. एवढे तीन शब्द. तिनं तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

"नाय मारली," ती म्हणाली. "तुम्ही वळून बघताल म्हणून उभी व्हते."

  आबा चालू लागले. हात पुढे, तळवे उघडे, बोळात. त्यांची पावलं तिनं पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकली. सारखी, मोजलेली, गस्तीची. तिच्यापासून हातभर अंतरावर ते थांबले.

"मेघा?" ते म्हणाले. "तू हायेस ना ही?"

"हो आबा."

"मग आत्ता कोण बोललं?"

तिनं खूप विचार केला. आठ वर्षं तिनं इतक्या लोकांचे 'मी' लिहिले होते, आणि प्रत्येक जबाबाच्या खाली सही दुसऱ्याची असायची. "मीच बोलले," ती म्हणाली.

आबा मान हलवत राहिले. नाही म्हणत होते की हो, ते तिला कळलं नाही. "तू 'व्हते' म्हणत नाहीस कधी," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि खांदा जरा खाली झुकवला. "हात ठेव. भार टाक. मी पुढं व्हतो." तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते एक पाऊल गेले आणि थांबले, आंधळा चेहरा मागे वळवून म्हणाले, "आली का?" "आले." पुन्हा एक पाऊल. पुन्हा मान वळली. "आली का?" बोळाची सात पावलं उरली होती. सात वेळा ते वळले. खाटेवर तिला बसवून ते जमिनीवर बसले, भिंतीला टेकून, आणि वीज येऊन पंखा फिरू लागला तरी त्यांचा हात खाटेच्या पायावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघानं सम्यकला सगळं सांगितलं, स्वतः काय बोलली तेवढं सोडून. तो चहाचा कप घेऊन उभा होता, तो त्यानं प्यायलाच नाही. "मला बहीण होती?" तो म्हणाला. मग कप खाली ठेवून, "मी पण पुढे पळायचो. शाळेत जाताना. आई हळू चालते, उशीर होतो, म्हणून मी तिचा हात सोडून पळून जायचो. फाटकापाशी उभा राहून मी कधी बघितलं नाही ती कुठवर आली." तो आबांच्या खोलीत गेला. दोघं काय बोलले ते मेघानं ऐकलं नाही. टीव्ही लावायचं मात्र त्यानं बंद केलं. ती चालू लागली की तो हातातलं काम थांबवायचा आणि ऐकायचा, बापासारखी मान ताठ करून. ते टीव्हीपेक्षा कठीण होतं. आणि आबांनी तिला पुन्हा कधी भामा म्हणून हाक मारली नाही. दुपारी कळ चढायची, पाऊल घासायचं, ती थांबायची, तर पुढच्या खोलीतून एवढंच यायचं, "हाय मी." ते कुणाला उद्देशून होतं हे तिनं विचारलं नाही. त्या दोन शब्दांनी कळ कमी व्हायची नाही. पण तिच्यात उभं राहता यायचं.

जून संपता संपता मेघाला मुलगी झाली. पावणेतीन किलोची, रडण्यात पटाईत. कळा सुरू असताना, इतर सगळं फाटत असताना, मेघाला स्पष्ट जाणवलं होतं की डाव्या पायातली ती रेघ खालून वर पुसली जातेय, करंगळी, घोटा, पोटरी, मांडी, आणि मग कुल्ह्यातून कुणी तरी उठून गेलं. दुसऱ्या दिवशी नर्सनं तिला उठवून चालायला लावलं तर दोन्ही पाय तिच्याबरोबर आले. सरळ, हलके, सारखे. नर्स म्हणाली, "बघा, गेलं की नाही तुमचं दुखणं?" मेघा हो म्हणाली. ती संडासापर्यंत गेली आणि परत आली, आणि सगळी वाट तिला एकटं एकटं वाटत राहिलं. पलंगावर बसल्यावर तिनं डाव्या पोटरीवरून बोट फिरवलं, रेघ होती तिथून. नुसती कातडी होती.

संध्याकाळच्या आत सम्यक आबांना घेऊन आला. आबांना त्यानं पलंगाशेजारच्या लांब बाकावर बसवलं, मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी तिच्या तळव्यांवरून अंगठा फिरवला, एका, मग दुसऱ्या. नर्स लसीचं कार्ड भरायला आली. आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, वजन. तिचं पेन भराभर चाललं होतं.

"कितवं बाळ?"

"दुसरं," मेघा म्हणाली.

ती स्वतः दचकली नाही. या वेळी बोलणारी तीच होती, हे तिला नक्की ठाऊक होतं. तिनं सम्यककडे पाहिलं. त्यानं तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं.

"पहिलं काय आहे? मुलगा की मुलगी?" नर्सनं मान वर न करता विचारलं.

"मुलगी," सम्यक म्हणाला.

"आणली नाही तिला?"

"ती पिशोरला असते."

"अहो मग आणा की," नर्स कार्डावर फुंकर मारत म्हणाली. "बहीण झालीय तिला. बघू दे."

 बाहेर व्हरांड्यात कुणाची तरी ये-जा चालली होती, चपलांचे आवाज येत होते आणि जात होते. आबांनी मान किंचित तिरपी केली. मग मुलीला छातीशी धरून, आवाज न करता, ते बाकावर एका अंगाला सरकले. त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.